प्राथमिक शाळेतील दादागिरी आणि पोटदुखी: शाळेची माहिती पालकांना कशी मिळेल?

मुलाच्या पोटदुखीसाठी तपासायला आणले आणि डॉक्टरांनी शाळेबद्दल विचारायला सुरुवात केली, की बऱ्याच पालकांना ते अवांतर वाटते. 'शाळा चांगली आहे हो, तुम्ही पोटाचं बघा.' पण आठ-नऊ वर्षांच्या मुलाचे पोट महिनोन्‌महिने दुखत असेल, वजन व्यवस्थित असेल आणि तपासण्यांत काही सापडत नसेल, तर 'शाळेत तुला कोणी त्रास देते का?' हा प्रश्न सोनोग्राफीइतकाच महत्त्वाचा असतो. उत्तर 'हो' आले तर पुढचा प्रश्न पालकांचा असतो: शाळा याबद्दल काय करते, हे आम्हाला कसे कळणार? या लेखात दोन्ही प्रश्नांचा विचार केला आहे.

दादागिरी कशाला म्हणायचे?

दोन बरोबरीची मुले भांडली, एकमेकांना ढकलले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकत्र खेळू लागली, तर ती दादागिरी नव्हे. नॉर्वेतील मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेअस यांनी १९७० च्या दशकापासून या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही जगभर वापरल्या जातात: त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो आणि ज्याला त्रास होतो त्याला प्रतिकार करणे अवघड असते. समोरचा वयाने मोठा असेल, संख्येने जास्त असेल किंवा वर्गात त्याचे वजन असेल. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत यालाच 'बुलिंग' म्हणतात.

प्राथमिक वर्गांत मारहाणीपेक्षा नावे ठेवणे, खेळात न घेणे, खाऊ किंवा पेन्सिल हिसकावणे, रंगावरून, जातीवरून, बोलण्याच्या पद्धतीवरून चिडवणे असे प्रकार अधिक आढळतात. निवासी शाळेत त्यात आणखी भर पडते. मोठ्या मुलांचे कपडे धुणे, त्यांच्यासाठी पाणी आणणे, आपला साबण-तेल त्यांना देणे. 'मुलं मुलं आहेत, चालायचंच' असे म्हणून हे सोडून दिले जाते. युनेस्कोने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात जवळपास तीनपैकी एका विद्यार्थ्याला मागील महिन्यात शाळेत असा त्रास झाला होता. म्हणजे 'आमच्या शाळेत असे काही होत नाही' या वाक्यावर थोडी शंका घेतलेली बरी.

शरीर काय सांगते?

लहान मूल 'मला भीती वाटते' असे क्वचितच म्हणते. ते 'पोट दुखतंय' म्हणते. ही बतावणी नसते, दुखणे खरे असते. ताणामुळे आतड्यांची हालचाल आणि वेदना जाणवण्याची पातळी दोन्ही बदलतात. दादागिरी सोसणाऱ्या मुलांत पोटदुखी, डोकेदुखी, झोप न लागणे अशा तक्रारींचे प्रमाण इतर मुलांच्या तुलनेत सुमारे दुप्पट असते, असे अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात दिसले आहे. परिणाम बालपणापुरताही राहत नाही. ब्रिटनमध्ये १९५८ साली जन्मलेल्या हजारो मुलांचा पन्नाशीपर्यंत मागोवा घेतला गेला. सातव्या आणि अकराव्या वर्षी वारंवार त्रास सोसलेल्यांत पन्नाशीतही नैराश्य आणि चिंतेचे प्रमाण अधिक आढळले.

ताणाची पोटदुखी साधारण बेंबीभोवती असते, मूल एका बोटाने जागा दाखवू शकत नाही, दोन दुखण्यांच्या मधल्या वेळेत ते खेळते, जेवते. वेळ पाहा. सोमवारी सकाळी दुखते आणि रविवारी नाही? दिवाळीच्या सुट्टीत पूर्ण थांबले होते? हा तपशील रक्ताच्या अहवालापेक्षा अधिक बोलका असतो. निवासी शाळेतल्या मुलाच्या बाबतीत मात्र पालकांना सोमवारची सकाळ दिसतच नाही. तिथे सुट्टी संपत येताना काय होते ते पाहावे: जेवण कमी होणे, रात्री दचकून उठणे, एस.टी.त बसायच्या आधी उलटी. वस्तू वारंवार 'हरवणे', अंगावर निळे डाग असणे आणि त्याची कारणे दरवेळी वेगळी असणे, आधी आवडणाऱ्या मित्राचे नाव अचानक बंद होणे, हेही लक्षात ठेवा.

मात्र प्रत्येक पोटदुखी ताणाची नसते. दुखण्याने मूल झोपेतून उठत असेल, दुखणे बेंबीपासून दूर, विशेषतः उजवीकडे खाली असेल, ताप, वारंवार उलट्या, शौचात रक्त, वजन घटणे किंवा लघवीला जळजळ असेल, तर आधी शारीरिक आजार शोधायचा. आदिवासी आणि ग्रामीण भागात जंत, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि बद्धकोष्ठता ही कारणे नेहमीची आहेत. बद्धकोष्ठतेचा तर शाळेशी थेट संबंध असू शकतो. स्वच्छतागृहाला कडी नसेल किंवा मोठी मुले तिथे अडवत असतील, तर लहान मुले दिवसभर रोखून धरतात. महिनोन्‌महिने आम्लपित्ताचे औषध देत राहणे हा यावरचा उपाय नव्हे.

अंथरूण ओले करणारे मूल

याबद्दल वेगळे लिहिण्याचे कारण असे की वसतिगृहात चिडवण्याचे एवढे सोपे निमित्त दुसरे नाही. सातव्या वर्षी साधारण शंभरातली पाच ते दहा मुले अधूनमधून झोपेत लघवी करतात. हा आळस किंवा खोड नाही, मूत्राशयाचे आणि झोपेचे नियंत्रण पक्के व्हायला काहींना उशीर लागतो, एवढेच. घरी ही गोष्ट आईपुरती राहते. चाळीस मुलांच्या हॉलमध्ये सकाळी ती सगळ्यांना कळते.

जे मूल सहा महिने किंवा अधिक काळ कोरडे होते आणि पुन्हा अंथरूण ओले करू लागले, त्याच्याकडे अधिक लक्ष द्यावे. बद्धकोष्ठता, मूत्रसंसर्ग, मधुमेह आणि ताण ही त्याची मुख्य कारणे. खूप तहान, वारंवार लघवी आणि वजन घटणे असे एकत्र दिसले तर त्याच दिवशी रक्तातील साखर तपासावी. बाकीच्यांसाठी दिवसा भरपूर पाणी, संध्याकाळनंतर चहा बंद, झोपण्यापूर्वी लघवी, बद्धकोष्ठतेवर उपचार, आणि अधीक्षक किंवा अधीक्षिकेला विश्वासात घेऊन एक जादा चादर व गुपचूप बदलण्याची सोय. पाणी तोडणे, सगळ्यांसमोर चादर वाळत घालायला लावणे, मारणे, यांनी त्रास वाढतो. शिवाय बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे.

'बुलिंगविरोधी धोरण' मागितले तर काय मिळेल?

बहुधा काहीच नाही. सीबीएसईने २०१५ मध्ये आपल्या शाळांना दादागिरीविरोधी समित्या नेमण्यास सांगितले. जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा आश्रमशाळेत मात्र या नावाचा कागद सहसा सापडणार नाही, आणि 'असे काही नसते' असे उत्तर ऐकून पालक परत येतात. कागद असतात, पण वेगळ्या नावांनी. ती नावे ठाऊक हवीत.

पहिले नाव शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. समितीच्या सभांचे इतिवृत्त असते. शाळेतील त्रासाची चर्चा कधी झाली का, हे तिथे कळते. दुसरे, तक्रारपेटी. ती भिंतीवर लावलेली असणे पुरेसे नाही. ती कधी उघडली, कोणासमोर उघडली आणि काय केले, याची नोंदवही मागावी. तिसरे, सखी सावित्री समिती, जी राज्य शासनाने २०२२ मध्ये शाळांसाठी सांगितली. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या घटनेनंतर विद्यार्थी सुरक्षेच्या उपायांवर शासनाने पुन्हा भर दिला, त्यामुळे त्यानंतरचे कागद तरी शाळेत असायला हवेत.

चौथे नाव सर्वांत कमी पालकांना माहीत असते: शाळासिद्धी. राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेने २०१५ मध्ये आणलेली ही शाळा मूल्यमापनाची पद्धत. यात सात क्षेत्रे आहेत आणि त्यांतले सहावे समावेशन, आरोग्य व सुरक्षिततेचे. त्याच क्षेत्रात शारीरिक सुरक्षिततेपासून वेगळे असे 'मानसिक सुरक्षितता' हे मानक आहे. शाळा स्वतःच स्वतःला १ ते ३ यांपैकी स्तर देते. मूल्यमापन शाळेने भरलेले असल्याने त्याची प्रत मुख्याध्यापकांकडे मागता येते. तुमच्या शाळेने मानसिक सुरक्षिततेला स्तर ३ दिला असेल, तर 'कशाच्या आधारे?' हा प्रश्न विचारणे यात काही उद्धटपणा नाही.

यू-डायस प्लसवर शाळेच्या अकरा अंकी क्रमांकावरून मिळणारे पत्रकही पाहावे. पटसंख्या, शिक्षक, स्वच्छतागृहे, पाणी यांची माहिती त्यात असते. दादागिरीच्या तक्रारी मात्र त्यात शोधू नका.

तुलनेसाठी सांगतो. इंग्लंडमध्ये २००६ च्या कायद्यानुसार मुख्याध्यापकांना दादागिरी रोखण्याचे उपाय ठरवावेच लागतात आणि शाळा तपासणीचे अहवाल कोणालाही घरबसल्या वाचता येतात. आपल्याकडे माहितीचा हक्क आहे, पण ती मागावी लागते.

आहुपेतून मागायची तर कोणाकडे?

एक उदाहरण घेऊ. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कड्यावर आहुपे आहे. इथे महादेव कोळी समाजाची वस्ती आहे आणि शासकीय आश्रमशाळाही आहे. ही शाळा येथे केवळ कार्यालयांची रचना समजावी म्हणून घेतली आहे, तिथे काही घडले असे मुळीच सुचवायचे नाही. अशा भागात एकाच घरातले धाकटे मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि थोरले आश्रमशाळेत असू शकते. दोन्ही शाळा सरकारी, पण खाती वेगळी. पालकांची पायपीट होते ती इथेच.

जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी क्रम असा: मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, मग आंबेगाव पंचायत समितीचे गटशिक्षणाधिकारी, त्यावर पुण्यात जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक). आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे असते. तिथे मुख्याध्यापक आणि अधीक्षकांनंतर एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे घोडेगाव येथील प्रकल्प अधिकारी. आश्रमशाळेची तक्रार घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेलात तर 'आमच्याकडे येत नाही' हे उत्तर खरेच असते.

घोडेगावला जायच्या आधी गावातला मार्ग वापरून पाहावा. हा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणजे येथे पेसा कायदा लागू आहे. १९९६ च्या या कायद्याने ग्रामसभा आणि पंचायत यांना सामाजिक क्षेत्रातील संस्था व कर्मचाऱ्यांवर नियंत्रणाचा अधिकार दिला आहे. शाळेने तक्रारपेटीची आणि समितीच्या सभांची माहिती ग्रामसभेपुढे ठेवावी, असा ठराव होऊ शकतो. एकट्या आईने विचारण्यापेक्षा हे सोपे, आणि मुलाचे नावही कुठे येत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज

तोंडी विचारून काम होत नसेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही, मात्र पुरावा जोडावा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवायचा. कारण सांगण्याची सक्ती नाही. मजकूर असा चालेल:

'सन अमुक ते अमुक या काळातील, अमुक शाळेच्या संदर्भात पुढील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात: शाळा व्यवस्थापन समितीच्या सभांची इतिवृत्ते, तक्रारपेटी उघडल्याच्या नोंदवहीची पाने, विद्यार्थ्यांची नावे झाकून, विद्यार्थ्यांकडून विद्यार्थ्यांना होणाऱ्या त्रासाबद्दल आलेल्या तक्रारींची व निकाली काढलेल्या तक्रारींची संख्या, सखी सावित्री समितीच्या स्थापनेचा आदेश व बैठकांची इतिवृत्ते, शाळासिद्धी स्वयंमूल्यमापनाची प्रत, वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या शाळाभेटींचे अहवाल.'

नावे झाकायला सांगण्याचे कारण केवळ कायदेशीर नाही. वीस पटाच्या शाळेत 'तिसरीतील मुलगी' एवढे म्हटले तरी गावाला नाव कळते. त्रास सोसणाऱ्या मुलाची गुप्तता तर पाळायचीच, त्रास देणारे मूलही आठ-दहा वर्षांचेच असते आणि त्यालाही मदतीची गरज असते. बऱ्याचदा ते घरी मार खात असते.

उत्तर ३० दिवसांत यायला हवे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, तुम्हाला परत फिरवायचे नसते. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर ३० दिवसांत त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील, आणि तिथेही समाधान झाले नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. खासगी विनाअनुदानित शाळेला थेट अर्ज बहुधा लागू होत नाही. तिथे शिक्षण विभागाकडे त्या शाळेबद्दल जे कागद असतात ते मागता येतात.

कागद कसे वाचायचे?

'तक्रारी: निरंक' असा शेरा पाहून निश्चिंत होऊ नका. वर्षभरात एकही तक्रार नाही याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की मुलांना तक्रार करता येत नाही किंवा करून उपयोग नाही हे त्यांना कळले आहे. पहिली-दुसरीच्या मुलाला चिठ्ठी लिहिताच येत नाही, मग पेटीचा त्याला काय उपयोग? मला तर वर्षात पाच-सहा तक्रारी आणि प्रत्येकीपुढे काय केले याची नोंद असलेली वही अधिक भरवशाची वाटते. रुग्णालयाचेही तसेच असते: जिथे एकाही चुकीची नोंद नाही तिथे चुका होत नाहीत असे कोणी मानत नाही. सभांची इतिवृत्ते एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईत, एकाच दिवशी लिहिल्यासारखी दिसत असतील, तर समितीतल्या पालकांना भेटून सभा झाली होती का, हे विचारा.

कागदापलीकडे काय उपयोगी पडते याचे उत्तर संशोधनात काही प्रमाणात मिळते. शाळांतील दादागिरीविरोधी कार्यक्रमांनी त्रास सोसण्याचे प्रमाण सरासरी १५ ते १६ टक्क्यांनी घटते, असे २०१९ मधील एका मोठ्या विश्लेषणात आढळले. आकडा लहान आहे, पण शंभर मुलांमागे तो मोजला तर क्षुल्लक नाही. भारतातला महत्त्वाचा अभ्यास गोव्यातील 'संगत' संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात केला. काही माध्यमिक शाळांत प्रशिक्षित समुपदेशक नेमले, काहींत तेच काम शिक्षकांवर सोपवले. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारले आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांवर सोपवलेल्या शाळांत फारसा फरक पडला नाही. मुले प्राथमिकची नव्हती, हे खरे. तरीही आधीच पोषण आहार, ऑनलाइन माहिती आणि सर्वेक्षणांनी वाकलेल्या शिक्षकांवर आणखी एक समिती लादून काय होईल, याचा अंदाज यावरून येतो. म्हणून शाळेला विचारताना 'समिती आहे का' यापेक्षा 'मुलाने बोलायचे ठरवले तर ते कोणत्या माणसाकडे जाईल, आणि तो माणूस रात्री वसतिगृहात असतो का' हे विचारावे.

मुलासाठी आत्ता काय करावे?

मुलाने सांगितले तर ऐकून घ्या, 'तूही मार' असे सांगू नका आणि लगेच त्या मुलाच्या घरी भांडायला जाऊ नका. तारीख, जागा आणि काय झाले हे वहीत लिहून ठेवा. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन पोच घ्या. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे आणि त्यातली शैक्षणिक संस्थेची व्याख्या कॉलेजपुरती नाही, वसतिगृहेही तीत येतात. तक्रार आल्यावर संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. शिक्षण हक्क कायद्याखालची तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते, तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा आणि त्यावर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत मुलांची तपासणी करते. तुमच्या मुलाची नोंद काय झाली ते विचारा. कमी ऐकू येणे, चष्म्याची गरज, तोतरेपणा, खरूज किंवा फिट्स हे चिडवण्याचे निमित्त असेल, तर त्यावरचा उपचार हाही दादागिरीवरचा उपाय आहे. पुढील तपासणी घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात होऊ शकते.

त्रासात लैंगिक स्पर्श असेल तर शाळेतल्या चौकशीची वाट पाहायची नाही. पॉक्सो कायद्यानुसार ज्याला हे कळले त्या प्रत्येकाने, शिक्षकाने आणि डॉक्टरनेही, पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मूल मरणाची भाषा करत असेल, स्वतःला इजा करत असेल किंवा वसतिगृहातून पळून आले असेल, तर त्याला एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. बालकांसाठी १०९८, मानसिक आरोग्यासाठी टेली मानसचा १४४१६ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक विनामूल्य आहेत. कड्यावरच्या गावांत मोबाइलची रेंज सगळीकडे मिळत नाही, त्यामुळे हे क्रमांक घरात भिंतीवर आणि मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, आणि रेंज कुठे येते ती जागाही मुलाला दाखवून ठेवा.